‘फ्वेंडी’ची झाली वेंडी!

मित्र-मैत्रिणींनो, तुमच्या वर्गाचा हजेरीपट जरा डोळ्यांसमोर आणा बरं! त्यातली मुलींची नावं एकामागून एक म्हणून बघा. कुणाचं नाव नदीचं असेल, कुणाचं फुलाचं. कुणी देवीच्या नावाची, तर कुणी रागिणीच्या. बहुतेक नावांच्या मागे शेकडो वर्षांचा इतिहास असतो. ही नावं पहिल्यांदा कुणी ठेवली, कुणाची ठेवली, हे कुणालाच सांगता येत नाही. ती आपल्याकडे जणू वारशानंच येतात.

पण एखादं नाव असंही असतं, की ते नेमकं कुठल्या घरात, कुणाच्या तोंडून निघालं आणि कुठल्या दिवशी जगापुढे आलं, हे सगळं सांगता येतं! आज अशाच एका नावाची गोष्ट सांगायची आहे. नाव इंग्रजी आहे, पण तुमच्या ओळखीचं आहे. ते म्हणजे ‘वेंडी’. हो, हो, ‘पीटर पॅन’च्या गोष्टीतली वेंडी! गोवा-मुंबईकडे राहणाऱ्या कुणाच्या वर्गात किंवा शेजारी या नावाची एखादी मावशी किंवा टीचरही असेल.

गंमत अशी, की हे नाव कुठल्या राजानं किंवा पंडितानं दिलेलं नाही. ते आलं एका चार-पाच वर्षांच्या मुलीच्या बोबड्या बोलातून. आणि त्या मुलीला ते कधी कळलंसुद्धा नाही.

कवीच्या घरची मार्गारेट

ही गोष्ट आहे सव्वाशे वर्षांहून जुनी. इंग्लंडमध्ये विल्यम अर्नेस्ट हेन्ली नावाचे एक कवी आणि संपादक होते. गृहस्थ मोठे दणकट, भरघोस दाढीचे, मोठमोठ्यानं हसणारे. लहानपणापासून त्यांना हाडांचा क्षयरोग होता आणि त्यात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. दुसराही पाय जायची वेळ आली, तेव्हा ते एडिंबरोला जोसेफ लिस्टर या प्रसिद्ध शल्यविशारदाकडे गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी जखमा निर्जंतुक ठेवल्या पाहिजेत, हे जगाला शिकवणारे तेच हे लिस्टर. महिन्‌महिने दवाखान्यात काढून हेन्लींनी दुसरा पाय वाचवला. तुमच्यापैकी ज्यांनी ‘ट्रेझर आयलंड’ वाचलं असेल, त्यांना एका पायाचा, कुबडी घेऊन फिरणारा जबरदस्त चाचा लाँग जॉन सिल्व्हर आठवेल. लेखक स्टीव्हन्सन हे हेन्लींचे मित्र. सिल्व्हरचं पात्र आपल्याला हेन्लींकडे बघून सुचलं, हे त्यांनी हेन्लींनाच पत्रानं कळवलं होतं!

अशा या हेन्लींना एकच मूल झालं. एक मुलगी, मार्गारेट. जन्म ४ सप्टेंबर १८८८ चा. आई-बापांचा जीव की प्राण.

हेन्लींच्या घरी लेखक मंडळींची सतत ये-जा असायची. त्यांतलेच एक होते जेम्स मॅथ्यू बॅरी. हे स्कॉटलंडमधल्या किरिम्यूर गावच्या एका विणकराचे चिरंजीव. दहा भावंडांतलं त्यांचं नववं स्थान! बॅरी अंगापिंडानं लहानखुरे होते. मोठ्या माणसांत ते बुजायचे, गप्प गप्प असायचे. पण लहान मुलं भेटली, की त्यांची कळी खुलायची. मग गोष्टी काय, सोंगं काय, विचारू नका! साहजिकच छोट्या मार्गारेटशी त्यांची गट्टी जमली.

‘र’ चा झाला ‘व’

हेन्ली बॅरींना ‘फ्रेंड’, म्हणजे ‘मित्रा’, अशी हाक मारत. घरातली मोठी माणसं जे म्हणतात तेच मुलं म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मार्गारेटही त्यांना ‘फ्रेंड’ म्हणायला लागली. नुसतं ‘फ्रेंड’ नव्हे, तर लाडानं ‘फ्रेंडी’, म्हणजे ‘मित्रुल्या’ म्हणा ना!

पण एक अडचण होती. मार्गारेटला ‘र’ म्हणता येत नव्हता. तुमच्या घरात लहान भावंडं असतील, तर त्यांचं बोलणं जरा कान देऊन ऐका. आपल्याकडचं पिल्लू ‘राम’ला ‘लाम’ म्हणतं, ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं आणि ‘गाडी’ची ‘दाडी’ करतं. ‘र’ म्हणायला जिभेला बरीच कसरत करावी लागते, त्यामुळे तो बहुतेक मुलांना उशिराच जमतो. इंग्रजी मुलं अशा वेळी ‘र’च्या जागी ‘व’च्या जवळचा उच्चार करतात. त्यामुळे मार्गारेटच्या तोंडून ‘फ्रेंडी’ऐवजी निघायचं ‘फ्वेंडी’. आणि मग मुलं शब्दांशी खेळतात तसं, त्याचंच पुढे ‘फ्वेंडी-वेंडी’!

बॅरी त्यावर हसून सोडून देऊ शकले असते. “अगं, फ्वेंडी नाही, फ्रेंडी म्हण,” असं दटावूही शकले असते. त्यांनी तसं काहीच केलं नाही. तो शब्द त्यांनी मनात जपून ठेवला.

आणि मग ११ फेब्रुवारी १८९४ हा दिवस आला. मार्गारेटला मेंदूच्या आवरणाला सूज येणारा आजार झाला. आज या आजाराच्या काही प्रकारांवर लस आहे, जंतूंमुळे तो झाला असेल तर प्रतिजैविकं आहेत. तेव्हा यांतलं काहीच नव्हतं. मार्गारेट गेली. तेव्हा तिला साडेपाच वर्षंही पुरी झालेली नव्हती. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यात कॉकेन हॅटली नावाचं खेडं आहे, तिथल्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. पुढे हेन्लींनाही तिच्याजवळच चिरविश्रांती मिळाली.

लेकीच्या जाण्यानं हेन्ली पार खचले. बॅरीही तिला विसरले नाहीत. १८९६ साली त्यांची ‘सेंटिमेंटल टॉमी’ ही कादंबरी आली. तिच्यात रेडी नावाची एक चिमुरडी आहे. ती मार्गारेटवरूनच रंगवलेली होती. पण मार्गारेटची खरी आठवण यायची होती ती आणखी आठ वर्षांनी.

नाटकाचा पडदा उघडला

२७ डिसेंबर १९०४. लंडनचं ड्यूक ऑफ यॉर्क नाट्यगृह. त्या रात्री बॅरींच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. नाव, ‘पीटर पॅन’. खरं तर प्रयोग पाच दिवस आधीच व्हायचा होता. पण स्टेजवरची यंत्रसामग्री वेळेवर तयार होईना, म्हणून तो पुढे ढकलावा लागला! तारांना बांधलेली मुलं खिडकीतून उडत बाहेर जातात, हे प्रेक्षकांनी पाहिलं आणि नाटक पहिल्याच फटक्यात गाजलं.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कधीच मोठा न होणारा मुलगा पीटर एका रात्री डार्लिंग कुटुंबाच्या घरात शिरतो. तिथली तीन मुलं, म्हणजे मोठी बहीण आणि तिचे दोन धाकटे भाऊ, जॉन आणि मायकल, त्याच्याबरोबर ‘नेव्हरलँड’ नावाच्या बेटावर जातात. तिथे चाचे आहेत, मगर आहे, परी आहे आणि आई नसलेली, हरवलेली मुलं आहेत. डार्लिंगांच्या घरातली ही मोठी बहीण त्या सगळ्या मुलांना गोष्टी सांगते, त्यांचे कपडे शिवते, त्यांची काळजी घेते. आणि शेवटी भावांना घेऊन घरी परत येते.

या मुलीला बॅरींनी नाव दिलं वेंडी. पूर्ण नाव वेंडी मोइरा अँजेला डार्लिंग. ‘फ्वेंडी’तला ‘फ्’ गळला आणि उरलेला शब्द नाटकाच्या जाहिरातींवर, मासिकांत, लोकांच्या तोंडी गेला. पुढच्या वर्षी, १९०५ मध्ये, नाटक न्यूयॉर्कला पोचलं. १९११ मध्ये बॅरींनी तीच गोष्ट कादंबरीच्या रूपात लिहिली, तिचं नाव ‘पीटर अँड वेंडी’. बघा हं, आता तर वेंडी थेट मुखपृष्ठावर आली!

या गोष्टीनं इंग्रजीला आणखी एक शब्द दिला. बेटावर उतरताना वेंडीला बाण लागतो. जखमी मुलीला हलवायचं कसं? मग ती मुलं ती जिथे पडली आहे तिथेच, तिच्याभोवती छोटंसं घर बांधतात! जॉनची उंच टोपी होते धुराडं आणि एका बुटाचा तळवा होतो दार ठोठावायची कडी. तेव्हापासून ब्रिटनमध्ये मुलांच्या खेळण्यातल्या घराला, आपल्या भातुकलीच्या घराला म्हणा, ‘वेंडी हाउस’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत तर अंगणात बांधलेल्या लाकडी खोलीलाही हाच शब्द आहे. तिथे ‘वेंडी हाउस’ विकत घेणाऱ्या कितीजणांना त्या नावामागची मार्गारेट माहीत असेल, कुणास ठाऊक!

पण हे नाव आधी नव्हतंच का?

आता आपण थोडी गुप्तहेरगिरी करू. ‘वेंडी हे नाव बॅरींनी शोधून काढलं,’ असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. छापलेलं सगळं खरं मानायचं नाही, पुरावा बघायचा, हे तर आपल्याला माहीत आहे ना? मग बघू या.

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायर परगण्यात चक्क ‘वेंडी’ नावाचं एक खेडं आहे! १०८६ साली राजा विल्यमनं सगळ्या देशाची जमिनीची मोजदाद करवली होती, त्या दप्तरातही या गावाची नोंद आहे. म्हणजे हे गाव नाटकाच्या आठशे वर्षं आधीचं. पण त्याचा अर्थ अगदी वेगळा. नदीच्या वळणावरचं बेट किंवा उंचवटा, अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांतून ते नाव तयार झालं. गावाचं नाव आणि मुलीचं नाव दिसायला सारखं, पण नातं काही नाही. आपल्याकडे नाही का, एकच आडनाव दोन घराण्यांचं असतं आणि त्यांचं एकमेकांशी काडीचंही नातं नसतं!

बरं, माणसांची नावं? एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेचे कागद लोकांनी चाळले. तेव्हा ‘वेंडी’ नावाची काही थोडी माणसं त्यांत सापडली. वेल्समध्ये ‘ग्वेंडोलेन’ असं एक जुनं नाव आहे. त्याचं लाडकं रूप म्हणूनही कुठे कुठे ‘वेंडी’ म्हणत असावेत. म्हणजे ‘हे नाव बॅरींच्या आधी जगात कुणाचंच नव्हतं’ असं ठामपणे म्हणता येत नाही.

मग आपला निकाल काय? निकाल असा, की हे अक्षरांचं जुळणं याआधीही अधूनमधून झालेलं होतं, पण ते इतकं दुर्मीळ होतं की मुलींचं नाव म्हणून लोकांना ते माहीत नव्हतं. मुलींचं नाव म्हणून ते घराघरांत पोचवलं बॅरींच्या नाटकानं. आणि बॅरींच्या मनात ते आलं ते मार्गारेटच्या बोबड्या हाकेतून. ठिणग्या याआधीही पडल्या असतील, दिवा मात्र १९०४ मध्ये लागला.

मग अर्थ काय?

आपल्याकडे बारशाला आत्यानं बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं, की जमलेल्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला, “वा, छान आहे गं! पण अर्थ काय?” वेंडीच्या आईला कुणी असं विचारलं, तर ती काय सांगेल?

नावांची काही पुस्तकं ‘ग्वेंडोलेन’चा धागा पकडून सांगतात की वेंडी म्हणजे शुभ्र किंवा पवित्र, कारण वेल्श भाषेत ‘ग्वेन’चा अर्थ तसा आहे. काही पुस्तकं सांगतात, वेंडी म्हणजे मैत्रीण. यांतलं बरोबर कुठलं? शब्दकोशाच्या दृष्टीनं पाहिलं, तर ‘वेंडी’ला स्वतःचा असा अर्थच नाही. तो एक अर्धवट उच्चारलेला शब्द आहे! पण ज्या माणसामुळे हे नाव जगाला कळलं, त्याच्या दृष्टीनं त्याचा उगम एकच होता, ‘मित्र’. तेव्हा पाच वर्षांच्या मुलीनं आपल्या मोठ्या मित्राला मारलेली हाक, हाच वेंडीचा खराखुरा अर्थ म्हणायला हरकत नाही.

---

चौकट : आपली ‘सई’

वेंडीचा अर्थ वाचून मराठी कानांना एक नाव चटकन आठवायला हवं. कुठलं सांगा? बरोबर, सई! संस्कृतातला शब्द ‘सखी’. प्राकृतात त्यातला ‘ख’ झिजून ‘ह’ झाला आणि शब्द बनला ‘सही’. मराठीत येता येता तो ‘ह’ही गळला आणि राहिली ‘सई’. म्हणजे मैत्रीण! जात्यावरच्या ओव्यांत बायका एकमेकींना ‘सई’ म्हणतात, ते याच अर्थानं.

शिवाजी महाराजांच्या पत्नी आणि संभाजीराजांच्या आई सईबाई यांचं नावही हेच. त्या फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या. १६५९ मध्ये राजगडावर त्यांचं निधन झालं. पुढे बराच काळ हे नाव जुनं वाटायचं. मग ‘बाई’ गळालं आणि आजच्या मुलींत नुसती ‘सई’ पुन्हा आवडीची झाली.

पाहा, वेंडीतला एक आवाज एका मुलीच्या जिभेवर काही दिवसांत बदलला आणि सईतला आवाज लाखो लोकांच्या जिभेवर शेकडो वर्षांत. पण काम दोन्हीकडे जिभेचंच!

---

तीस वर्षांची वाट

तुम्हाला वाटेल, नाटक गाजलं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून जन्मलेल्या सगळ्या मुली वेंडी! तसं झालं नाही. ‘चांगलं नाव आहे, पण नाटकातलं आहे बाई,’ असं पहिल्या पिढीच्या आई-बापांना वाटलं असणार. सुरुवातीला थोड्याच धीट पालकांनी ते ठेवलं. १९१२ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली वेंडी हिलर ही त्या पहिल्यावहिल्या वेंडींपैकी एक. ती पुढे मोठी अभिनेत्री झाली आणि तिला ऑस्कर पारितोषिकही मिळालं.

हे सगळं आपल्याला कळतं कसं? त्यासाठी नावांच्या नोंदी लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी आकडेवारी कार्यालय मुलांच्या नावांच्या याद्या काढतं. १९०४ पासून दर दहा वर्षांची पहिल्या शंभर नावांची यादी त्यांनी दिली आहे. अमेरिकेत हे काम सामाजिक सुरक्षा खातं करतं. त्यांच्याकडे १८८० पासून जन्मलेल्यांची नावं आहेत. खात्यातले मायकल शॅकलफोर्ड नावाचे एक अधिकारी १९९७ मध्ये स्वतःच्या बाळासाठी फारसं कुणी न ठेवलेलं नाव शोधत होते. त्यांनी कार्यालयातल्याच नोंदींवरून नावांची मोजणी केली आणि त्यातून ही प्रसिद्ध यादी सुरू झाली! एखादं नाव वर्षभरात पाचपेक्षा कमी मुलांना दिलं असेल, तर ते मात्र यादीत छापत नाहीत. कारण त्यावरून ते मूल कोण, हे ओळखता येईल ना!

या याद्या काय सांगतात? इंग्लंडमध्ये १९४० ते १९६० च्या दशकांत वेंडी हे मुलींच्या पहिल्या शंभर नावांत होतं. अमेरिकेत ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पहिल्या हजारांत शिरलं. म्हणजे नाटकानंतर तब्बल तीस वर्षांनी! मग मात्र ते जिना चढावा तसं चढत गेलं आणि १९७० च्या सुमारास पहिल्या तीस नावांत जाऊन बसलं.

उशीर का लागला असेल? एक कारण सहज सुचतं. लहानपणी नाटक पाहिलेल्या आणि पुस्तक वाचलेल्या मुली मोठ्या व्हायला, आई व्हायला तेवढी वर्षं लागणारच! शिवाय गोष्टही पुन्हा पुन्हा नव्यानं समोर येत राहिली. १९५३ मध्ये डिस्नेचा ‘पीटर पॅन’ हा कार्टूनपट आला. १९५५ मध्ये अमेरिकेत नाटकाचा प्रयोग दूरदर्शनवरून थेट दाखवला गेला आणि तो कोट्यवधी लोकांनी पाहिला.

आणखी एक कारण आहे, ते कानाचं. त्या काळात अमेरिकेत नॅन्सी, जूडी, सिंडी, सँडी अशा ‘ई’नं संपणाऱ्या सुटसुटीत नावांची चलती होती. वेंडी त्या रांगेत फिट्ट बसलं. हार्वर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी नावांच्या फॅशनचा पुष्कळ अभ्यास केला आणि २००० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की सिनेमा-नाटकांमुळे नाव उचललं जातं हे खरं, पण बहुधा त्या नावाचा आवाज लोकांच्या कानांना आधीच आवडू लागलेला असतो. नाहीतर गाजलेल्या प्रत्येक सिनेमातल्या प्रत्येक नायिकेचं नाव घरोघरी दिसलं असतं!

याच काळातला आणखी एक मजेदार योगायोग ऐका. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात डेव्ह थॉमस यांनी १९६९ मध्ये हॅम्बर्गरचं हॉटेल काढलं. त्यांच्या लेकीचं नाव होतं मेलिंडा. पण घरातल्या लहान मुलांना ‘मेलिंडा’ म्हणता येईना. बोबड्या तोंडून त्याचं होता होता झालं ‘वेंडी’! वडिलांनी हॉटेलला तेच नाव दिलं आणि आज त्या हॉटेलाच्या शाखा जगभर आहेत. म्हणजे मार्गारेटनंतर कितीतरी वर्षांनी, दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच घरात, बोबड्या बोलातूनच पुन्हा एक वेंडी जन्मली!

आणि मग उतार

पण जे नाव चढतं, ते उतरतंही. १९७० नंतर वेंडी मागे मागे पडत गेलं. आज इंग्लंड-अमेरिकेत वेंडी म्हटलं, की कुणाची तरी आजी किंवा मावशी डोळ्यांसमोर येते. पाळण्यातली वेंडी क्वचितच भेटते.

नाव वाईट झालं का? मुळीच नाही. वर्गात एकाच नावाच्या चार-चार मुली झाल्या, की पालकांना वाटतं, ‘छे, हे तर सगळ्यांचंच आहे, आपण काहीतरी वेगळं ठेवू.’ म्हणजे नाव लोकप्रिय झाल्यामुळेच नको होतं! आपल्याकडेही बघा ना. आजीच्या पिढीत घरोघरी कुसुम, सुमन, मालती, शालिनी. आईच्या पिढीत सुनीता, संगीता, वर्षा, मनीषा. आणि तुमच्या वर्गात सई, ईशा, आर्या, अनन्या. प्रत्येक पिढीला आपल्या आईच्या वयाच्या बायकांची नावं ‘जुनी’ वाटतात. पण पणजीचं नाव मात्र पुन्हा गोड वाटायला लागतं. वर चौकटीतली सई आठवा! तेव्हा वेंडीचीही पाळी पुन्हा येईल, असं म्हणायला जागा आहे.

म्हणून मित्रांनो, कुणाचं नाव ‘जुनाट’ म्हणून त्याला चिडवत असाल, तर थांबा. आज फॅशनमध्ये असलेलं तुमचं नावही पन्नास वर्षांनी कुणालातरी आजीचं किंवा आजोबांचंच नाव वाटणार आहे!

---

चौकट : लेखकांच्या दौतीतून आलेली नावं

• पामेला : इंग्रजी कवी सर फिलिप सिडनी यांनी सोळाव्या शतकात आपल्या ‘आर्केडिया’ या ग्रंथातल्या राजकन्येसाठी केलेलं नाव. ते लोकांपर्यंत पोचलं १७४० मधल्या सॅम्युएल रिचर्डसन यांच्या ‘पामेला’ कादंबरीमुळे.

• व्हेनेसा : ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्ट यांनी आपल्या एस्थर व्हॅनहोमरी या मैत्रिणीसाठी बनवलेलं नाव. आडनावातला ‘व्हॅन’ आणि एस्थरचं लाडकं रूप ‘एसा’, दोन्ही जोडले की झालं!

• मिरांडा : शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधली नायिका. लॅटिनमध्ये अर्थ, ‘जिच्याकडे कौतुकानं पाहावं अशी’.

• लोर्ना : आर. डी. ब्लॅकमोर यांच्या १८६९ मधल्या ‘लोर्ना डून’ कादंबरीतून आलेलं नाव.

---

एक दान

वेंडीच्या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे, आणि ते सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होणार नाही. लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांचं एक मोठं रुग्णालय आहे. ते १८५२ मध्ये सुरू झालं. मुलांना दाखल करून उपचार करणारं ब्रिटनमधलं ते पहिलं रुग्णालय. १९२९ मध्ये या रुग्णालयाला विस्तारासाठी जागा घ्यायची होती. त्या कामाच्या समितीवर या, अशी विनंती बॅरींना करण्यात आली. त्यांनी समितीवर यायला नकार दिला. पण थोड्याच दिवसांत ‘पीटर पॅन’चे सगळे हक्क रुग्णालयाला देऊन टाकले! म्हणजे नाटकाचा प्रयोग झाला, पुस्तक खपलं, की मानधन जाणार आजारी मुलांच्या उपचारासाठी. त्यातून किती पैसे मिळाले, हे जाहीर करायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. रुग्णालयानं ती पाळली आहे.

बॅरी १९३७ मध्ये वारले. कायद्याप्रमाणे पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, पुस्तकावरचे हक्क संपले. तेव्हा ब्रिटिश संसदेनं १९८८ च्या कायद्यात खास कलम घातलं. ब्रिटनमध्ये ‘पीटर पॅन’चं मानधन या रुग्णालयाला कायमचं मिळत राहील, असं ते कलम सांगतं. ज्या काळात मार्गारेट गेली, त्या काळात आजारी मुलांसाठी डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. आज तिच्या बोबड्या हाकेतून नाव मिळालेल्या मुलीची गोष्ट दुसऱ्या मुलांच्या औषधपाण्याला उपयोगी पडते आहे.

आता तुमचा गृहपाठ!

घाबरू नका, गणितं नाहीत! एक वही घ्या आणि तिला नाव द्या, ‘आमच्या घरातली नावं’. आधी स्वतःचं नाव लिहा. ते कुणी सुचवलं, का सुचवलं, आधी दुसरं कुठलं ठरलं होतं का, हे आई-बाबांना आणि आत्याला विचारा. मग आजी-आजोबांची नावं, त्यांच्या भावंडांची नावं. लग्नानंतर आजीचं नाव बदललं होतं का, माहेरचं नाव काय होतं, तेही विचारा. काही आज्यांना आपलं माहेरचं नाव कित्येक वर्षांत कुणी विचारलेलं नसतं, बरं का! ते सांगताना आजीचा चेहरा कसा होतो, ते नीट बघा.

सगळ्यांत शेवटी एक पान राखून ठेवा, ते घरातल्या लाडक्या आणि बोबड्या नावांसाठी. तायडी, बाळ्या, चिऊ, पिंट्या ही नावं कशी पडली? पहिल्यांदा कोण म्हणालं?

आणि पालकहो, एक विनंती तुम्हालाही. लहानग्यांच्या बोबड्या बोलांना जरूर हसा, पण त्यांना हिणवू नका. बहुतेक मुलांचे उच्चार वयानुसार आपोआप सुधारतात. वयाच्या मानानं बोलणं स्पष्ट होत नसेल, तर कान तपासून घ्या आणि वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा, म्हणजे झालं. तोवर ते बोबडे शब्द तारीख घालून लिहून ठेवा. मूल मोठं झालं की ते शब्द निघून जातात आणि मग आठवू म्हटलं तरी आठवत नाहीत.

मार्गारेटचा एक शब्द एका माणसानं लक्षात ठेवला, म्हणून तो आज आपल्यापर्यंत पोचला. तुमच्या घरातल्या पिल्लानं आज सकाळी काय नवा शब्द काढला? चला, उचला पेन्सिल!